घारापुरीला गेलात तर मोराबंदरच्या घरगुती खानावळीत जेवा

आम्ही राहतो नेरूळला पण पप्पांचं मूळ गाव घारापुरी, म्हणजे एलिफंटा बेट, त्यातलं मोराबंदर. पप्पा सात वर्षांचे असताना आजोबा कामासाठी इकडे आले ते इकडचेच झाले, आणि आम्ही भावंडं शाळेच्या सहलीत लेणी बघून परत आलेलो, गावात पाय कधी ठेवलाच नव्हता. यंदा पप्पांची सत्तरी, म्हणून नऊ जण निघालो.

नेरूळहून उरण लोकल, २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते त्यामुळे खूप सोपं झालंय, पुढे रिक्षाने उरणच्या मोरा बंदरावर (हे वेगळं, आमचं मोराबंदर बेटावर) आणि तिथून ओळखीतून ठरवलेली होडी. होडीवाल्याने आधी एक भाडं सांगितलं आणि उतरताना जास्त मागितलं, ते आवडलं नाही, तुम्ही आधीच पक्कं करून घ्या. भरतीची वेळपण विचारून ठेवा, ओहोटीला तिथे गाळात बोटी अडकतात.

आता खानावळ. घराच्या ओट्यावर चार टेबलं, बोर्ड नाही, सकाळी फोन करून सांगावं लागतं. आम्ही तांदळाची भाकरी, सुका जवळा, चिंबोरीचा रस्सा आणि निवट्यांचं आंबट सांगितलं होतं. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारतात ते मासे, नेरूळच्या मार्केटमध्ये मला कधी धड मिळालेल्या नाहीत, आणि इथलं आंबट कैरी घालून असं केलेलं की पहिल्या घासाला आत्या म्हणाली, हे आईच्या हातचं आहे. पप्पा काहीच बोलले नाहीत, तिसरी भाकरी मागितली. शुगरमुळे घरी दीडच्या वर खात नाहीत, मम्मीने त्या दिवशी अडवलं नाही.

चुलीपाशी ऐंशीच्या घरातली एक आजी बसलेली. पप्पांकडे बघून म्हणाली, "कोनाचा र तू बाला?" आजोबांचं नाव सांगितल्यावर ती हात धुऊन उठली आणि आमच्या घराचा पडका चौथरा दाखवायला स्वतः चालत आली. तिथे आता चिंचेचं झाड आहे.

पूर्वी बेटावर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा, २०१८ ला समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. खानावळ चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, फ्रीज आला म्हणून खानावळ चालू करता आली, नाहीतर मासळी ठेवणार कुठे.

तक्रार एकच, जेवण यायला पाऊण तास लागला आणि लहान मुलं कंटाळली. चिंबोरीचा रेट आधी विचारा. लेणी सोमवारी बंद असतात, आम्ही मुद्दाम सोमवारी गेलो त्यामुळे गर्दी नव्हती. पर्यटकांना रात्री राहता येत नाही, परतीची होडी संध्याकाळच्या आत ठरवून ठेवा.

पाचपैकी साडेचार. मे महिन्यात पुन्हा जाणार आहोत, चौथऱ्यावरचं रान साफ करायला, जेवण आत्ताच सांगून ठेवलंय.