देशी की यॉर्कशायर? आधी गिऱ्हाईक बघा

खानापूर-बेळगाव भागात वराहपालनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न जातीचा. माझ्या मते पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा.

पांढरी यॉर्कशायर ही डुकराची विलायती जात, लांब अंगाची. एका वेताला आठ-दहा पिल्लं, नीट खुराक मिळाला तर आठेक महिन्यांत नव्वद किलोच्या आसपास. मांस जास्त, चरबी कमी, आणि हॉटेलवाल्याला, पाकीटबंद मांस विकणाऱ्याला तेच हवं. हा कमी चरबीचा हट्ट तसा नवाच. पूर्वी युरोप-अमेरिकेत डुकराची चरबीच स्वयंपाकाला लागायची. वनस्पती तेल स्वस्त झालं, लोक चरबीला घाबरू लागले आणि पैदासकारांनी पाठीवरचा थर पिढ्यान्‌पिढ्या कमी करत आणला. पण मांसात मुरलेली चरबीही घटली, मटण कोरडं लागू लागलं. मग चवीसाठी ड्युरॉक या दुसऱ्या जातीचा संकर आला.

देशी काळं डुक्कर सावकाश वाढतं, पिल्लं पाच-सहा. व्यापारी वजन बघून नाक मुरडतो. पण चोर्ला घाट उतरला की हिशेब फिरतो. गोव्याच्या चोरीससाठी (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) मांसाबरोबर चरबीचे तुकडे लागतातच. सोरपोतेल या तिथल्या डुकराच्या रश्श्यालाही नुसतं लाल मांस चालत नाही.

शिवाय पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही. शेड, पाणी, खुराक सगळं विकतचं. (हॉटेलचं खरकटं घालणार असाल तर उकळूनच घाला, स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग परवडत नाही.)

हॉटेलचं गिऱ्हाईक पक्कं असेल तर यॉर्कशायर. गोव्याकडे माल जाणार असेल, तर मी देशी-यॉर्कशायर संकरित घेईन, निव्वळ पांढरी नाही.