सागवानी म्हणून घेतलेला पलंग

ज्या पलंगासाठी मी ऑक्टोबर २०२२ मध्ये ६८,५०० रुपये मोजले होते, त्याच्या बिजागरीचा एक स्क्रू जुलै २०२४ मध्ये आमच्या मिस्त्रींनी काढला, तेव्हा स्क्रूबरोबर चमचाभर तपकिरी भुगा फरशीवर सांडला. मिस्त्रींनी तो चिमटीत धरून चुरला आणि विचारले, “साग म्हणून घेतला होता का?” मी हो म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त भोकाच्या कडेला पटाशीचे टोक लावून वरचा पापुद्रा उचकटला आणि तो माझ्या हातात दिला. सागाचा होता खरा, पण पोस्टकार्डाइतका जाड.

ही फसवणूक कशी झाली हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, मी स्वस्त वस्तूच्या मोहाला बळी पडलो नव्हतो. उलट स्वस्त वस्तू मी ठरवून नाकारली होती. ठाण्यातील नव्या घरासाठी पलंग पाहत असताना आमच्यापुढे दोन पर्याय होते. एक होता खोक्यांतून सुटा येणारा आणि घरी जोडायचा पलंग, किंमत २१,००० रुपये, आणि त्याच्या माहितीत ‘पार्टिकल बोर्ड’ असे स्वच्छ लिहिलेले होते. मी त्याला ‘पुठ्ठ्याचा पलंग’ म्हणून हसलो. संगमेश्वरजवळच्या आमच्या आजोळी माझ्या आजोबांनी करवून घेतलेला सागवानी पलंग आजही वापरात आहे. त्याला एकही खिळा नाही, खाचेत टोक ठोकून बसवलेले जोड आहेत, आणि दर काही वर्षांनी पाचरी घट्ट केल्या की तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहतो. एकदाच पैसे घालावेत आणि पुढच्या पिढीपर्यंत बघायला नको, अशी माझी धारणा त्या पलंगाने घडवलेली होती. दुकानदाराने मला विकले ते लाकूड नव्हे, माझी ही धारणा.

दुकान मोठे होते, दुमजली, वातानुकूलित. विक्रेत्याने आम्हाला थेट पलंगाकडे नेले नाही. आधी त्याने टेबलाच्या खणातून सागाचा वीतभर लांबीचा एक तुकडा काढला, रंधा मारलेला आणि बिनपॉलिशचा, आणि तो आईच्या हातात ठेवला. तुकडा अस्सल होता. मग त्याच तुकड्याशी उशालगतच्या फळीचा रंग आणि रेषा जुळवून दाखवल्या. “काका, बल्लारशाचा माल आहे, उचलून बघा,” असे म्हणून त्याने मला पलंगाचे एक टोक उचलायला लावले. ते मला जेमतेम उचलले गेले आणि त्या क्षणी माझी खात्री पटली. वन विकास महामंडळाच्या बल्लारशा येथील आगारात सागाचे लिलाव होतात, हे मला ऐकून माहीत होते. त्यामुळे ते नाव ऐकूनही मला बरे वाटले असणार.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या वजनाच्या परीक्षेवर माझ्यासारखे बरेच जण विसंबतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि कपच्या राळेत मिसळून, उष्णता आणि दाब देऊन केलेला तक्ता. त्याची घनता साधारण ६०० ते ७५० किलो प्रति घनमीटर असते, आणि सागाचीही सुमारे ६५० असते. आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा एक तक्ता ३५ किलोंच्या आसपास भरतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तक्ता, तर त्याहूनही जड. म्हणजे जड आहे म्हणून अस्सल आहे, या म्हणण्याला काहीही आधार नाही, आणि विक्रेत्याला ते माझ्यापेक्षा नक्कीच अधिक ठाऊक होते.

शंका घेतली ती आईने. तिने फळीला नाक लावले आणि म्हणाली, “सागाला वास असतो रे, चामड्यासारखा. हा तर नुसता पॉलिशचा वास आहे.” विक्रेता हसून म्हणाला, “आजी, तीन हात पॉलिश चढवलंय, आतला वास बाहेर कसा येणार?” उत्तर ऐकायला पटण्याजोगे होते. आई गप्प बसली, आणि तिला गप्प बसवण्यात माझाही वाटा होता, कारण पार्किंगची वेळ संपत आली होती.

किंमत छापील ९६,००० होती आणि दिवाळीच्या सवलतीने ती ६८,५०० वर आली. ती फार कमी असती तर मी सावध झालो असतो. पण नंतर मिस्त्रींनी हिशेब करून दाखवला तसे, त्या मापाच्या पलंगाला सात-आठ घनफूट साग लागला असता, आणि लाकूड, मजुरी, पॉलिश, दुकानाचा नफा धरून अस्सल पलंगही साधारण याच किमतीच्या आसपास गेला असता. भाव अगदी विश्वास बसेल तेथेच आणून ठेवलेला होता.

बिल मी वाचले, परंतु समजून वाचले नाही. त्यावर ‘वुडन किंग साइज बेड विथ स्टोरेज, टीक फिनिश’ एवढेच होते. ‘टीक’ हा शब्द दिसला आणि मी सही केली. आज मला ठाऊक आहे की ‘टीक फिनिश’ म्हणजे केवळ सागासारखा रंग किंवा छापील कागद. ‘टीक व्हेनिअर’ म्हणजे दुसऱ्या कशावर तरी चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा. आणि लाकूड आरपार सागाचे असेल, तर ‘सॉलिड टीक’ असे लिहायला प्रामाणिक दुकानदाराला अडचण नसते. ‘वुडन’ आणि ‘इंजिनिअर्ड वुड’ या शब्दांत भुशापासून प्लायवुडपर्यंत काहीही बसते. बिलावर जीएसटीसाठी वस्तूचा वर्ग दाखवणारा जो एचएसएन क्रमांक असतो, त्यावरूनही उलगडा होत नाही, कारण लाकडी शयनगृह-फर्निचरच्या वर्गात साग आणि पार्टिकल बोर्ड एकत्रच मोडतात.

पलंग घरी आला तो पाच खोक्यांतून. दोन मुलांनी पाऊण तासात षटकोनी किल्लीने तो जोडला. सुट्या भागांत येणे आणि बोल्टने जोडणे यात स्वतःहून काही वावगे नाही. अस्सल लाकडाचे पलंगही जिन्यातून न्यायचे तर तसेच आणावे लागतात. परंतु कप्प्यांच्या फळ्यांवर आतल्या बाजूने रुपयाहून लहान, गोल भोके होती आणि त्यांवर तपकिरी टिकल्या चिकटवलेल्या होत्या. ही मिनिफिक्सची भोके, म्हणजे तक्ते एकमेकांना आवळणाऱ्या चकत्यांची जागा, आणि ती जवळजवळ नेहमी बोर्डाच्या फर्निचरमध्येच आढळतात. मी त्या टिकल्या पाहिल्या, इतकेच नव्हे तर एक सुटली होती ती स्वतः दाबून बसवली.

पुढचे पावसाने केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पायाकडची खालची कड फुगून बोटभर रुंद झाली, कारण फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जात होती आणि फळीच्या खालच्या कडेला पट्टीच लावलेली नव्हती. उघड्या कडेने पाणी शोषले की भुगा फुगतो, आणि वाळल्यावर तो पुन्हा मूळ आकाराला येत नाही. दुकानाला फोन केला. “टेक्निशियन पाठवतो” हे उत्तर मी पुढचे अकरा महिने ऐकत राहिलो. वॉरंटी दहा वर्षांची होती, पण तिच्या मागच्या पानावर पाणी, ओल आणि ‘हवामानामुळे होणारे बदल’ वगळलेले होते. कोकणपट्टीत राहणाऱ्या माणसाला अशी वॉरंटी कोणत्या महिन्यात उपयोगी पडावी, हे मी अजून शोधतो आहे. शेवटी जुलै २०२४ मध्ये गादीसकट वर उचलला जाणारा हायड्रॉलिकचा सांगाडा एका बाजूने निसटला. त्याचे स्क्रू भुग्यात धरलेले होते, आणि एकदा भोक सैल झाले की बोर्डात तोच स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही. सुदैवाने तेव्हा मुलगी कप्प्यात हात घालून उभी नव्हती.

ही अकरा महिन्यांची टोलवाटोलवी केवळ आळसापोटी असेल, असे मला आता वाटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि माझी खरेदी ऑक्टोबर २०२२ मधली होती. प्रथम मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून विचारणा झाल्यावर दुकानाने लेखी उत्तर दिले की बिलात सागाचा उल्लेख वस्तूच्या ‘फिनिश’पुरता आहे आणि ग्राहकाने माल पाहून घेतलेला आहे. उत्तर बिनचूक होते. मी अडकलो होतो.

सोडवले ते एका किरकोळ वाटणाऱ्या संदेशाने. खरेदीच्या आदल्या रात्री पत्नीने विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर विचारले होते, “पूर्ण सागवान आहे ना?” आणि त्याने उत्तर दिले होते, “हंड्रेड पर्सेंट प्युअर टीक मॅडम.” तो संदेश, बिल, वॉरंटीचे पान, फुगलेल्या कडेची छायाचित्रे आणि मिस्त्रींचे सही केलेले निवेदन जोडून मी सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ही सोय नव्या कायद्याने दिली आहे. माल प्रयोगशाळेत तपासून घेण्याची विनंतीही मी अर्जात केली होती. नोटीस पोहोचल्यावर दहा दिवसांत दुकानाच्या मालकांचा स्वतःचा फोन आला, आणि त्यात ते मला प्रथमच ‘साहेब’ म्हणाले. तडजोड ४०,००० रुपयांवर झाली. ओळखीच्या वकिलांच्या मते मी थांबलो असतो तर अधिक मिळाले असते. शक्य आहे, पण माझी तयारी संपली होती.

दुकानात पुन्हा उभा राहिलो तर मी काय करीन, हे मला आता नेमके सांगता येते. फळीच्या वरच्या पृष्ठभागाकडे बघणारच नाही. तो दाखवण्यासाठीच केलेला असतो. खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहीन, पलंगाच्या खाली टॉर्च लावून न रंगवलेली कड पाहीन, आणि वरच्या रेषा कडेवरून वळून टोकापर्यंत जातात का ते तपासीन. अस्सल लाकडात त्या जातात, कागदात आणि पापुद्र्यात कडेवर तुटतात. छापील नक्षीत तर तीच गाठ दोन-तीन फुटांवर पुन्हा भेटते. एखाद्या बिजागरीचा स्क्रू काढून दाखवायला सांगेन, आणि दुकानदार नको म्हणाला तर तेवढ्यावरच निघून येईन. त्यानंतर बिलावर लाकडाचे नाव, कोणता भाग कशाचा आहे, आणि प्लायवुड असल्यास त्याचा भारतीय मानक क्रमांक, म्हणजे साधे असेल तर ३०३ किंवा पाण्याला टिकणारे ‘मरीन’ असेल तर ७१०, लिहून घेईन. सनमायका चढल्यावर तक्त्यावरचा शिक्का दिसत नाही, तेव्हा हे सगळे आधीच विचारावे लागते. कपाटाला आरपार सागच हवा, हा हट्टही मी सोडला आहे. रुंद फळी ऋतूप्रमाणे आकसते आणि फुगते, तेथे चांगले प्लायवुड अधिक सरळ राहते, असे मिस्त्रींचेच म्हणणे आहे.

मुलीच्या अभ्यासाचे टेबल आम्ही मागच्या वर्षी खोक्यातूनच आणले, ४,८०० रुपयांना. खोक्यावर ‘पार्टिकल बोर्ड’ असे छापले होते. मी त्याच्या खालच्या कडांना स्वतः पट्टी चिकटवली आणि चारही पायांखाली रबरी बूच बसवले. दोन पावसाळे काढले, तर पैसे वसूल झाले असे समजेन. पलंग अजून आमच्याच खोलीत आहे. मिस्त्रींनी त्याच्या आत प्लायवुडचे नवे आडवे तक्ते घातले, हायड्रॉलिक काढून टाकले आणि खुरांखाली अर्धा इंच उंचीचे लाकडी ठोकळे दिले, म्हणजे फरशी पुसताना ओले फडके कडेला लागत नाही. ते ठोकळे त्यांनी आपल्या पिशवीतून काढले, तेव्हा आईने त्यातला एक उचलून नाकाशी धरला आणि मला म्हणाली, “हा बघ, हा साग.”