हाय-फ्लो कॅटचे ४७,००० घेतले आणि आतून रिकामा डबा बसवला

लिहायला लाज वाटतेय, पण गाडी मॉडिफाय करणारे बरेच जण आहेत म्हणून लिहितोय. माझी बीएस४ पेट्रोल हॅचबॅक, एक्झॉस्ट आणि इनटेक आधीच बदललेला. चेक इंजिनचा लाइट लागला, कोड पी०४२०, म्हणजे कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) नीट काम करत नाही. गॅरेजवाला म्हणाला कॅट गेलाय, हाय-फ्लो (धूर जास्त मोकळा जाऊ देणारा) टाकू. कॅटचे ३४,५००, रिमॅपचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलायचे) ९,०००, मजुरी ३,५००. त्यातले ३०,००० कॅश मागितले आणि मी दिले. कॅश मागतोय म्हणजे पक्कं बिल देणार नाही, हे तिथेच कळायला हवं होतं.

पण खरा राग येतो तो संध्याकाळचा. गाडी अजून लिफ्टवर होती, मी खाली उभा राहून बघत होतो. मागचा ऑक्सिजन सेन्सर थेट पाइपात नव्हता, मध्ये बोटभर स्टीलचा स्पेसर. विचारलं हे काय, तर म्हणे सेन्सर हीटने जळू नये म्हणून. अरे मला माहीत होतं स्पेसर कशाला लावतात! सेन्सर धुरातून बाहेर ओढला की त्याला ऑक्सिजनचे चढउतार कमी दिसतात आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) समजतो कॅट काम करतोय. पण हाय-फ्लोला कधीकधी लावतात असं वाचलेलं, आणि तो इतक्या खात्रीने बोलत होता की मी मान डोलावली. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. जुना कॅट मागितला तर म्हणाला भंगारात गेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, म्हणजे त्याचेही पैसे त्यानेच खाल्ले. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

चार महिन्यांनी पीयूसीला फेल. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.९ टक्के, लिमिट ०.३. एचसी (न जळलेलं इंधन) ४१० पीपीएम, लिमिट २००. लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) मात्र १.००, म्हणजे मिक्श्चर व्यवस्थित, धूर साफ करणारं काही आतच नाही. दुसऱ्या मेकॅनिकने सेन्सर काढून भोकातून टॉर्च मारला, कॅटच्या आतली जाळी नावालाही नाही, नुसता पोकळ डबा. रिमॅपमध्ये तो कोडच बंद करून ठेवलेला, म्हणून लाइट लागला नाही. लाइट गेला म्हणजे काम झालं असं समजू नका, पीयूसी करून मगच शेवटचे पैसे द्या.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. आरटीओत गेलो तर गॅरेजचं राहिलं बाजूला, मलाच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं, बदल तुम्ही केले, जबाबदार तुम्ही. १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन केला, त्यांनी बिल मागितलं, माझ्याकडे कच्च्या कागदावर "एक्झॉस्ट वर्क" एवढंच लिहिलेलं. पीयूसीवाला तर म्हणाला ५०० जास्त द्या, पास करून देतो. म्हणजे फसवणाऱ्याला कोणी हात लावणार नाही, आणि पीयूसी नसेल तर १०,००० पर्यंतचा दंड माझ्या माथी! कोणीतरी सांगा मी जायचं कुठे?

बिलावर कॅटचा पार्ट नंबर लिहून घ्या. बसवण्याआधी डबा हातात घेऊन आरपार बघा, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसलीच पाहिजे. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. १७,००० च्या यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि पीयूसीचा फेल रिपोर्ट जोडून सोमवारी ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय.