ट्रिगर ऑफसेटसाठी टायमिंग लाइट: डायलवाली घ्यावी की साधी?

वागळे इस्टेट असो की तुर्भ्याचा एमआयडीसी पट्टा, डेल्कोवाल्या (डेल्को म्हणजे प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जुन्या इंजिनावर स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, बसवायचा तर स्पार्कच्या क्षणी चमकणारी टायमिंग लाइट हवीच. बाजारात दोन तऱ्हा मिळतात: ॲडव्हान्सची (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी स्पार्क पडतो त्याची) डायल असलेली आणि साधी. इथे पारख एकाच कामावर केली आहे, ट्रिगर ऑफसेट पडताळणं, म्हणजे सेन्सरचा सिग्नल आणि पिस्टनची सर्वात वरची जागा यांतला अंशांचा फरक ईसीयूत बरोबर भरलाय का ते बघणं. त्यासाठी साधीच सरस.

डायलवाली लाइट चमक मुद्दाम उशिरा सोडते. किती उशिरा, हे ती आधीच्या दोन स्पार्कमधल्या वेळेवरून ठरवते. स्टार्टरवर इंजिन प्रत्येक कॉम्प्रेशनला मंदावतं, तेव्हा हा हिशेब चुकतो आणि खूण नाचते. साधी लाइट प्लगच्या वायरीत करंट आला की चमकते, बस्स. डायलवाली आधीच घेतली असेल तर डायल शून्यावर ठेवा.

साध्या लाइटला मात्र क्रँकच्या पुलीवर टीडीसीआधी 10 अंशांची खूण लागते. नसेल तर करून घ्या. आधी खरा टीडीसी (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) शोधा: एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा तुकडा) लावून इंजिन हाताने दोन्ही दिशांनी अडेपर्यंत फिरवा, अडेल तिथे इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर पुलीवर खूण करा, दोन्ही खुणांचा मध्य तो टीडीसी. कंपनीच्या खुणेवर विसंबू नका, पुलीतल्या डॅम्परचं रबर सरकलं की बाहेरची रिंग खुणेसकट सरकते. मग पुलीच्या परिघाला 36 ने भागा. व्यास 140 मिमी असेल तर परीघ 440, म्हणजे 12.2 मिमी. हे अंतर टीडीसीच्या खुणेपासून फिरण्याच्या दिशेने पुढे घ्या. पहिल्या होंडा सिटीचं इंजिन पुलीकडून पाहिलं तर उलटं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतं. तिथे खूण चुकीच्या बाजूला पडण्याचा धोका मोठा.

आता ईसीयूत फिक्स्ड अँगल (स्पार्क कायम एकाच अंशावर) 10 ठेवा, लाइटच्या क्लॅम्पवरचा बाण प्लगकडे करून तो एक नंबरच्या वायरीला लावा. इंजेक्टरचा फ्यूज काढून स्टार्टर मारा, खूण काट्याच्या जवळपास आली की फ्यूज लावून इंजिन चालू करा आणि ऑफसेट बारीक जुळवा. नंतर 3000 आरपीएमला परत बघा. खूण तिथेच राहायला हवी. वेगाबरोबर ॲडव्हान्स वाढत असेल तर डेल्कोतली, वेगाबरोबर ॲडव्हान्स वाढवणारी वजनं लॉक केलेली नाहीत. मागे सरकत असेल तर बहुतेक व्हीआर सेन्सरच्या (दात ओळखणाऱ्या चुंबकी सेन्सरच्या) दोन वायरी उलट्या आहेत, नाहीतर ईसीयूतली लेटन्सी (सिग्नल ते स्पार्क यातला उशीर) भरायची राहिली आहे. वेग स्थिर असूनही खूण थरथरते, तेव्हा डेल्कोच्या शाफ्टचा खेळ तपासा. सगळं जुळलं की फिक्स्ड अँगल बंद करायला विसरू नका.

खूण जुळली तरी रोटर फेजिंग, म्हणजे स्पार्कच्या क्षणी डेल्कोतला फिरता रोटर कॅपच्या टर्मिनलसमोर असणं, चुकलेलं असू शकतं, आणि याकडे फार कमी लोक बघतात. जुन्या कॅपला एक नंबरच्या टर्मिनलशेजारी भोक पाडून आत लाइट मारा. सर्वात कमी आणि सर्वात जास्त ॲडव्हान्सलाही रोटरचं टोक टर्मिनलसमोरच दिसलं पाहिजे. चुकलं असेल तर डेल्कोची बॉडी फिरवा आणि ऑफसेट तेवढाच भरून काढा. डेल्कोचा 1 अंश म्हणजे क्रँकचे 2. हे सोडून दिलं तर रोटरची एकच कड जळते, आणि ठाण्याच्या पावसाळी दमटपणात कॅपच्या आत कार्बनची रेघ उठून करंट शेजारच्या प्लगला जातो.

इंजेक्शनचं टायमिंग मात्र कोणतीच लाइट दाखवणार नाही. त्यासाठी दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) हवा: एकावर एक नंबरची प्लग वायर, दुसऱ्यावर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर. 800 आरपीएमला दोन स्पार्कमध्ये 150 मिलिसेकंद, म्हणजे 720 अंश. इंजेक्टरचा पल्स त्यात नेमका कुठे पडतो ते मोजा. पल्स 360 अंश चुकला तरी इंजिन चालतं, म्हणून कानावर विश्वास नको. डेल्कोत सगळे दात सारखे असतील तर ईसीयूला एक नंबर ओळखताच येत नाही, मग सीक्वेन्शियल इंजेक्शनचा (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वेळी पेट्रोल) हट्ट सोडून बॅच (इंजेक्टर गटाने एकत्र) ठेवा.

खरेदी करताना झेनॉन ट्यूबची घ्या. स्वस्त एलईडीवाल्यांची चमक घोडबंदर रोडवरच्या उघड्या शेडमध्ये भर दुपारी दिसत नाही. क्लॅम्प धातूचा आणि वायर लाइटपासून सुटी होणारी असावी, कारण एक्झॉस्टला टेकून आधी तीच वितळते.