2206 वाला फंक्शन जनरेटर किट : वेव्ह छान, नॉबने मात्र वैताग आणला

दोन आठवडे झाले हा किट, म्हणजे साईन, ट्रँगल, स्क्वेअर अशा वेव्ह बनवणारं घरी जोडायचं यंत्र, वापरतोय. बनवणाऱ्याचं नाव नाही घेत, कारण हाच किट दहा नावांनी मिळतो आणि सर्किट जवळपास सारखंच असतं. आत एक्सआर-2206 चिप, दोन-तीन पॉट (नॉबने कमी-जास्त होणारे रेझिस्टर), चार-पाच कपॅसिटर, जंपर (काढ-घाल करायच्या जोडण्या), संपलं. तासाभरात सोल्डर करून झालं, 12 व्होल्ट दिले आणि स्कोपवर (वेव्हचा आकार दाखवणाऱ्या स्क्रीनवर) पहिल्याच फटक्यात साईन आली. इथपर्यंत एकदम खूश.

मग नॉब फिरवला.

100 नॅनोफॅरड कपॅसिटरच्या रेंजवर नॉब अर्धा फिरला तरी फ्रिक्वेन्सी 180 वरून जेमतेम 330 हर्ट्झ, आणि शेवटच्या चिमूटभर भागात 1 किलोहर्ट्झवरून थेट 2. दीड किलोहर्ट्झ लावायचं म्हणजे श्वास रोखून नॉबला नखाने ढकलायचं. मला वाटलं पॉट गंडलाय, काढून मीटरवर मोजला तर बिचारा 50 के (50 हजार ओहम), एकदम लिनिअर, जेवढा फिरवाल तेवढाच बदलणारा.

गोम दुसरीकडेच आहे. ही चिप साईन सरळ बनवतच नाही. पिन 5 आणि 6 मधला कपॅसिटर ठराविक करंटने चार्ज होतो, एका लेव्हलला पोचला की आतलं सर्किट करंटची दिशा फिरवतं, मग तो तेवढ्याच वेगाने उलटा जातो, आणि करंट कॉन्स्टंट असल्यामुळे रेघ सरळ येते, म्हणून ट्रँगल. दिशा फिरवणारा स्विच पलटतो तीच पिन 11 वरची स्क्वेअर. साईन म्हणजे त्याच ट्रँगलची टोकं घासून गोल केलेली, पिन 13-14 मध्ये साधारण 200 ओहम जोडले की काम होतं. जंपर काढा, परत टोकदार. हे स्कोपवर बघायला खरंच मजा येते.

आता करंट किती, ते पिन 7 ठरवते. तिथे चिप स्वतः 3 व्होल्ट धरून ठेवते आणि तिथून ग्राउंडला लावलेल्या रेझिस्टरमधून जो करंट जाईल त्यावर स्पीड. हिशोब साधा, फ्रिक्वेन्सी म्हणजे 1 भागिले (आर गुणिले सी), आर म्हणजे तो रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर. आर छेदात बसलाय ना, तिथेच घोळ! किटमध्ये 5 के फिक्स आणि 50 के पॉट सिरीजमध्ये आहेत, म्हणजे 55 के ला 182 हर्ट्झ, 30 के ला 333, 10 के ला 1000 आणि 5 के ला 2000. सगळी मजा शेवटच्या टोकाला कोंबलेली.

मी काय केलं, तो पॉट तिथून काढला, 5 के तसाच ठेवला, पण त्याचं ग्राउंडचं टोक सोडवून तिथे 0 ते 2.7 व्होल्ट दिले, पॉट आणि मागे रेल-टू-रेल (पार शून्य व्होल्टपर्यंत जाणारा) ऑपअँप बफर लावून, म्हणजे करंट खेचला तरी व्होल्टेज हलत नाही. आता व्होल्टेज वाढेल तसा करंट सरळ रेषेत कमी होतो. नॉब बरोबर मध्ये ठेवला की 1100 हर्ट्झच्या आसपास, टोकांना 200 आणि 2000. हे किट बनवणाऱ्यांनीच का केलं नाही कोण जाणे, दोन-चार पार्टचा तर खेळ आहे.

दुसरी तक्रार सिरॅमिक कपॅसिटरची. 1 किलोहर्ट्झ लावून त्याच्यावर बोट ठेवलं की उबेने फ्रिक्वेन्सी काउंटरवरचा आकडा सरकायला लागतो, बोट काढलं की हळूहळू परत. फिल्म कपॅसिटर टाकल्यावर शांत झाला.

बाकी सहन होण्यासारखं आहे. साईनवरून ट्रँगलवर गेलं की अँप्लिट्यूड दुपटीहून जास्त उडी मारतो, दर वेळी नॉब खाली आणा. आउटपुट इम्पिडन्स (आउटपुटचा आतला अडथळा) 600 ओहमच्या घरात, 50 ओहमचा लोड लावला तर सिग्नल तेरावा हिस्सा उरतो, बफर हवाच. डिस्टॉर्शन (साईनचा बिघडलेला आकार) मात्र ट्रिमर (बोर्डवरचा छोटा पॉट) नीट फिरवला तर अर्ध्या टक्क्यापर्यंत येतं म्हणतात, माझ्या कानाला आणि स्कोपला तरी साईन स्वच्छ वाटली.

बॉक्सवर 1 मेगाहर्ट्झ छापलंय, ते साईनपुरतं धरा. स्क्वेअर ओपन कलेक्टरवरून येते, म्हणजे चिप ती फक्त खाली ओढते आणि वर नेतो तो पुल-अप रेझिस्टर, त्यामुळे मीटरभर कोॲक्स केबल लावली की केबलच्याच 100 पिकोफॅरडमुळे चढती कड लोळते, त्यामुळे 1 मेगाहर्ट्झला चौकोन कमी आणि शार्कचा पंख जास्त दिसतो. पाचपैकी साडेतीन स्टार, नॉब दुरुस्त केल्यावर चार.