खुब्याच्या एमआरआयमध्ये मज्जेला सूज: कुबड्या घेऊन थांबायचं, की ड्रिल करून घ्यायचं?

रिपोर्टमध्ये ‘बोन मॅरो इडीमा’, म्हणजे हाडातल्या मज्जेला सूज, असं वाचलं की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न कॅन्सरचा येतो आणि दुसरा ऑपरेशनचा, म्हणजे हाडात ड्रिल करून आतला दाब कमी करण्याचा. खुब्याच्या बाबतीत खरा पेच दुसऱ्या प्रश्नाचा असतो. सारख्याच दिसणाऱ्या सुजेमागे दोन अगदी वेगळे आजार असू शकतात. एकात काही महिने जपलं तर हाड आपणहून सुधारतं. दुसऱ्यात तेच महिने हातचे गेले तर खुब्याचा बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल डोकं, खचतो.

आधी सूज म्हणजे काय ते पाहू. मोठ्या माणसाच्या बॉलमधली मज्जा बहुतांशी चरबीची असते, म्हणून एमआरआयच्या टी वन नावाच्या चित्रात बॉल पांढरा दिसतो. तिथे पाणी साठलं की तो भाग करडा पडतो. स्टर नावाच्या चित्रात चरबी मुद्दाम काळी केलेली असते, त्यामुळे तेच पाणी लख्ख चमकतं. एवढंच. पाणी आहे हे कळलं, का आहे ते कळलं नाही. 1988 मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांनी हे नाव वापरलं, तेव्हा लेखाच्या मथळ्यात त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. आपल्याकडे रिपोर्ट वाचताना ते प्रश्नचिन्ह गळून पडतं, याची मला खरोखर काळजी वाटते.

पहिला आजार म्हणजे खुब्याचं तात्पुरतं ठिसूळपण. 1959 मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं ते शेवटच्या तिमाहीतल्या तीन गरोदर बायकांमध्ये, पण जास्त करून तो तिशी ते साठीच्या पुरुषांत दिसतो. मार लागलेला नसतो, तरी जांघेत दुखायला लागतं आणि पायावर भार टाकवत नाही. एमआरआयमध्ये सूज बॉलपासून मांडीच्या हाडाच्या मानेपर्यंत (बॉलखालच्या अरुंद भागापर्यंत), कधी त्याच्याही खाली एकसारखी पसरलेली असते. सांध्यात थोडं पाणी असतं. पण कूर्चेखाली, म्हणजे बॉलवरच्या गुळगुळीत आवरणाखाली, रेषा नसते. साधा एक्स-रे सुरुवातीला ठीक दिसतो, काही आठवड्यांनी हाड विरळ झालेलं दिसतं. बहुतेक जण सहा महिने ते वर्षभरात बरे होतात. उपाय म्हणजे कुबड्या, दुखण्याची गोळी, ड जीवनसत्त्वाची तपासणी. काही डॉक्टर हाडं बळकट करणारं औषधही देतात. हाड त्या काळात कमजोर असतं, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत कुबड्या लवकर सोडल्या तर मांडीच्या हाडाची ही मान मोडण्याची भीती असते.

दुसरा एव्हीएन, म्हणजे एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. बॉलचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतला तुकडा मरतो. जास्त दिवस घेतलेली स्टेरॉइड्स, दारू आणि मांडीच्या हाडाच्या मानेचं जुनं फ्रॅक्चर ही नेहमीची कारणं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांना पुढे एव्हीएन झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली होती, म्हणून ती जुनी फाइलही सोबत न्या.

एव्हीएनची खूण सूज नव्हे, रेषा. टी वनवर बॉलच्या पुढच्या-वरच्या भागात नकाशातल्या नदीसारखी वळणावळणाची काळी रेषा असते आणि तिने एक तुकडा वेगळा काढलेला असतो. गंमत नाही, पण तो मेलेला तुकडा बऱ्याचदा पांढराच दिसतो, कारण त्यातली चरबी अजून तशीच असते. टी टू या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात त्याच रेषेला आतून दुसरी, चमकती किनार दिसू शकते. इथे सूज बहुधा नंतर येते. रेषा आहे आणि भोवती सूजही आली, दुखणं वाढलं, तर बॉल खचायच्या बेतात असल्याचा तो इशारा समजा. ड्रिल करून आतला दाब कमी करण्याचा उपयोग खचण्याआधी असतो. बॉल चपटा झाल्यावर बोलणी सांधा बदलण्याची होतात. आणि दुसरा खुबा दुखत नसला तरी तोही स्कॅनमध्ये घ्या, कारण हा आजार पुष्कळदा दोन्हीकडे असतो.

फसवणारी तिसरी गोष्ट म्हणजे कूर्चेखालची बारीक चीर. ठिसूळ हाडांच्या वयस्कर बायकांत ती जास्त दिसते. रेषा इथेही असते, पण ती बहुधा सांध्याच्या गोलाईला धरून जाते. एव्हीएनची रेषा उलट बाजूला वळून तुकड्याला वेढते. एमआरआयची चित्रं जाड स्लाइसमध्ये, म्हणजे जाड कापांमध्ये, घेतली तर हा फरक हरवतो. शंका राहिली तर बारीक स्लाइसचा स्कॅन पुन्हा करायला सांगण्यात संकोच नको.

माझं मत स्पष्ट आहे. रेषा नाही, ताप नाही, स्टेरॉइड-दारूचा इतिहास नाही: डॉक्टरांच्या देखरेखीखाली कुबड्या घ्या, सहा ते बारा आठवड्यांनी एमआरआय पुन्हा करा, आणि तोवर ड्रिलची तारीख घेऊ नका. रेषा आहे: त्याच आठवड्यात खुब्याचं काम नेहमी करणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनकडे जा.

ही दोन्ही उत्तरं बाजूला ठेवायची वेळही येते. ताप, वजन घटणं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना सूज आणि हाड कुरतडलेलं दिसलं तर आपल्याकडे टीबीचा विचार आधी करावा लागतो. टी वनवर तो भाग शेजारच्या स्नायूहूनही काळा असेल तर चरबीच्या जागी दुसरं काही भरलं आहे का, हे तपासायला हवं.

सेंटरवरून फक्त फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागा. आणि दुसरं मत घेताना ‘सूज किती आहे?’ असं विचारू नका. विचारा, ‘टी वनवर कूर्चेखाली रेषा आहे का? असेल तर मला बोट ठेवून दाखवा.’