हिवाळ्यात ट्रेंट नदीवर: चब की बार्बल?
इंग्लंडात नदीवर गळाने असे मासे धरायचा हंगाम १४ मार्चला संपतो. तेव्हा जानेवारीतल्या मोजक्या रविवारी चब आणि बार्बल या दोन माशांपैकी कुणाच्या मागे लागायचं, हे आधी ठरवलेलं बरं.

बार्बल आपल्या महसीरच्याच कुळातला, तसाच मिशाळ आणि दांडगा. पण पाणी गार पडलं की तळाशी सुस्त पडून राहतो. पाऊस होऊन जरा उबदार, गढूळ पाणी आलं तरच आशा.

चबचं तसं नाही. लोंबत्या फांद्यांखाली पावाचा लगदा टाकायचा, गळाला अंगठ्याएवढा तुकडा चिमटून लावायचा आणि रॉडच्या टोकाकडे बघत बसायचं. बोटं बधिर, थर्मासमधला चहा कोमट. आणि टोक हळूच दोनदा थरथरतं!

माझं मत चबलाच. (खायला नव्हे हो, परत सोडायचा.) पूर ओसरताना मात्र बार्बलचा रॉड गाडीत असतोच.